गणपतीला गावी कोण, कधी, कोणाबरोबर जातं? चाकरमान्यांच्या प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत आमच्या वाडीचं ग्रामस्थ मंडळ आहे. गाव राजापूर आणि देवगडच्या हद्दीवर. मंडळाच्या गाडीची यादी करायला बसलं की दरवर्षी तेच प्रश्न येतात. अलीकडे मंडळाबाहेरचे लोकही विचारू लागलेत: कॉलेजातली मुलं, कोकणात कधी न गेलेले शेजारी, नवे जावई. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. त्यात माझी मतं आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

रस्त्याची ही अवस्था, रेल्वेचं तिकीट मिळत नाही, तरी दरवर्षी एवढी माणसं का जातात?

कारण गणपती गावाला असतो आणि तो एकच असतो. चार भावांचे चार संसार झाले, एक दिव्याला, एक भांडुपला, एक नालासोपाऱ्याला गेला, तरी बहुतेक घरांत मूर्ती मूळ घरातच बसते. मुंबईच्या खोलीत वेगळा गणपती आणायचा नाही, अशीच रीत. सण करायचा तर चारशे-साडेचारशे किलोमीटर जायचं, दुसरी सोय नाही.

कित्येक घरांत पाळी लावलेली असते. यंदा मूर्तीचा खर्च थोरल्याकडे, भजनाच्या चहा-उसळीचा धाकट्याकडे, पुढच्या वर्षी उलट. नागपंचमीच्या सुमारास गावातलं कोणीतरी घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, नेऊन देतं, आणि लगेच मुंबईला फोन येतो, "पाट दिलो हां." त्या फोनवर ‘यंदा जमेलसं वाटत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि मग आरत्या. संध्याकाळी वाडीच्या एका टोकापासून सुरुवात होते, टाळ-मृदंग घेऊन सगळे घरोघरी फिरतात. प्रत्येक घरी आरती, पडवीत भजनाचे दोन-तीन गजर, मग काळ्या वाटाण्याची उसळ नाहीतर करंजी-लाडू. मुंबईहून कोणीच आलं नसेल त्या घरीही आरती होतेच. फक्त निघताना एखादी म्हातारी पायरीवर थांबून विचारते, "झील खय?" म्हणजे मुलगा कुठे? उत्तर आईला द्यावं लागतं. रजा मिळाली नाही, पाऊस फार होता, गाडी फुल्ल होती, ही सगळी कारणं मुंबईत बसून पटणारी आहेत. त्या पायरीवर ती टिकत नाहीत.

करोनातही लोक गेले होते ना?

गेले होते. २०२० साली गावी पोचल्यावर विलगीकरणात राहायची अट होती. ग्रामपंचायतींचे आणखी वेगळे नियम होते आणि काही गावांनी तर सरळ ‘येऊ नका’ असं कळवलं होतं. तरी माणसं आधीच निघाली, शाळेच्या खोलीत नाहीतर स्वतःच्याच मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, दिवस काढले आणि चतुर्थीला घरात आली. ज्यांनी येऊ नका म्हटलं आणि जे तरी आले, ती दोन्हीकडची माणसं एकमेकांची चुलतभावंडं होती. त्या वर्षीचे काही अबोले अजून सुटलेले नाहीत.

ही ओढ सणापुरतीच, की तिच्यामागे काही इतिहास आहे?

इतिहास आहे, आणि तो भक्तीपेक्षा नोकरीचा जास्त आहे. कोकणातला माणूस मुंबईला एकटा आला नाही. गिरणीत आधी लागलेला काका, मामा नाहीतर गाववाला त्याला घेऊन आला. जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, आपल्या ओळखीतली माणसं भरायचा, बदलीचं काम आधी गाववाल्याला मिळायचं. लालबाग-परळच्या चाळींत अख्ख्या गावाच्या नावाने एक खोली असे. दहाबाय बाराच्या जागेत पाळ्यांप्रमाणे झोपणारे पुरुष, भिंतीला ज्याच्या त्याच्या ट्रंका, जेवण खाणावळीत. कुटुंब गावाला. म्हणजे पगार मुंबईत आणि संसार कोकणात. अशा माणसाला गावी जाणं म्हणजे घरी जाणं होतं, सहल नव्हे.

तेव्हा वाट समुद्राची होती. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची आणि किनाऱ्याने एकेका बंदराला उतारू सोडत जायची: हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. एका बंदराची माणसं डेकवर एकत्र पथारी टाकायची. १७ जुलै १९४७ ला ‘रामदास’ बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. दिवस आषाढी अमावास्येचा, पुढे श्रावण, म्हणून घरी निघालेल्यांची गर्दी. कित्येक गावांतल्या एकाच आळीत एकाच दिवशी अनेक घरांवर दुःख कोसळलं, कारण माणसं एकत्र निघाली होती.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला. हजारो कामगार गावी परतले ते या नात्यांच्याच आधारावर. भात कमी असलं तरी गावाला ताट होतं. ज्यांनी गावी येणं-जाणं राखलं होतं त्यांना दार उघडं मिळालं. बाकीच्यांचे हाल झाले. गावचं नातं का राखायचं, हे आमच्या वडीलधाऱ्यांना कोणी शिकवायची गरज पडली नाही.

अभ्यासक काय म्हणतात? नात्यांमुळे माणूस खरंच लांबचा प्रवास जास्त करतो का?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून २०११ साली एक अभ्यास निघाला होता. लोकांनी मोबाईलवरून नोंदवलेली ठिकाणं आणि त्यांच्या मैत्रीची जाळी त्यात शेजारी ठेवून पाहिली होती. निष्कर्ष साधारण असा: माणसाच्या हालचालींपैकी ५० ते ७० टक्के हालचाल घर, कामाची जागा अशा रोजच्या ठराविक फेऱ्यांनी समजते. ओळखीपाळखीने समजणारी हालचाल १० ते ३० टक्के. पण जवळच्या फिरण्यावर मैत्रीचा फारसा परिणाम दिसत नाही, लांबच्या प्रवासावर मात्र ठळक दिसतो. भाजी आणायला आपण कोणाला भेटायला म्हणून जात नाही. रात्रभराचा प्रवास करतो तेव्हा पलीकडे बहुधा कोणीतरी असतं.

आपल्याकडच्या राष्ट्रीय नमुना पाहणीतही (२००८-०९ आणि २०१४-१५ च्या फेऱ्या) मुक्कामाच्या प्रवासांत सगळ्यात मोठा वाटा सामाजिक कारणांचा निघाला: नातेवाइकांकडे जाणं, लग्नं, कार्यं. पर्यटनाच्या जाहिरातींत मात्र समुद्र दिसतो, काकू दिसत नाही.

तिकिटं कोण काढतं? कोणाबरोबर जायचं हे कसं ठरतं?

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते. सकाळी ८ ला खिडकी उघडते आणि कोकणकन्या, मांडवी, तुतारी या गाड्या गणपतीच्या तारखांना बघता बघता प्रतीक्षा यादीवर जातात. एका तिकिटावर जास्तीत जास्त ६ माणसं, म्हणजे आठ जणांचं घर तिथेच दोन तिकिटांत फुटतं. त्यामुळे प्रत्येक कुटुंबात एक भाचा नाहीतर पुतण्या असतो ज्याचं काम त्या दिवशी फक्त एवढंच. तो मोबाईल आणि लॅपटॉप घेऊन बसतो आणि बाकीचे ग्रुपवर ‘झालं का?’ विचारून त्याचं डोकं खातात. ज्याला तिकीट मिळालं त्याच्या तारखेप्रमाणे मग बाकीच्यांच्या रजा हलतात. एका मुलाच्या बोटांवर तीन घरांचा कार्यक्रम ठरतो.

एसटीचं वेगळं. गावाने मिळून अख्खी गाडी आरक्षित करता येते. ती थेट वाडीपर्यंत किंवा निदान तिठ्यापर्यंत जाते, हा तिचा मोठा फायदा. पहाटे राजापूर रोड स्टेशनात उतरून गावापर्यंत रिक्षाला किती मोजावे लागतात, हे ज्याने मोजलेत त्याला विचारा. २०२५ साली एसटीने गणपतीसाठी जादा गाड्यांचा आकडा ५ हजारांच्या घरात नेला होता. त्यात अशा गटाने घेतलेल्या गाड्या भरपूर असतात.

मंडळाची गाडी कशी भरते ते सांगतो. आधी पैसे भरलेल्यांची नावं, असा नियम. प्रत्यक्षात यादी आडनावांच्या गठ्ठ्यांनी येते. एक माणूस फोन करतो आणि म्हणतो, "आमच्या घरातली सात धर." ती सात कोण, त्यालाही अजून माहीत नसतं. पुढच्या सीट म्हाताऱ्यांना, कारण मागे हाडं खिळखिळी होतात. ओकणारी मुलं खिडकीला. ढोलकी आणि टाळांची पिशवी मागच्या बाकाखाली. दोन घरांचं आपसात बोलणं नसेल तर त्यांच्यामध्ये तिसरं घर बसवायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण यादी करणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. पूर्वी गाडी लालबागहून एकाच ठिकाणाहून सुटायची. आता माणसं विरार, नालासोपारा, बोरिवली, ठाणे, दिवा अशी पांगलीत, त्यामुळे गाडी अर्धी मुंबई गोळा करत फिरते आणि पनवेलला पोचेपर्यंत भजनं संपलेली असतात.

राजकीय पक्षांच्या मोफत गाड्यांनी गेलं तर?

जा. सीट चांगली असते. बॅनरखाली फोटो काढून घ्यावा लागतो आणि पुढे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या वेळी फोनही येतो, एवढं धरून चाला.

स्वतःच्या गाडीने जायचं तर कोणता मार्ग?

याचं उत्तर नकाशावाल्या ॲपपेक्षा तुमच्या आधी निघालेल्या मेहुण्याकडे असतं. "माणगावात अडकलोय, दोन तास झाले, तू पुण्यावरून ये," हा फोन आला की लोक वाशीहून द्रुतगती मार्ग धरतात, साताऱ्या-कऱ्हाडवरून पुढे आंबा नाहीतर गगनबावडा घाटाने खाली उतरतात. किलोमीटर वाढतात, डोकं शाबूत राहतं. आधी निघालेला प्रत्येक जण मागच्यासाठी खबऱ्या असतो, आणि मागचेही त्याच घरचे असल्यामुळे तो खरं सांगतो.

मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे. रस्ता पुरा झाला की गर्दी वाढेल का, असं विचारतात. माझ्या मते गणपतीची गर्दी रस्त्याने वाढणार नाही, ती जवळजवळ पूर्णच आहे. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गाने सुरू झाली तेव्हा सणाला जाणारे आधीही जातच होते, एसटीच्या रातराणीने. रेल्वेने वाढवल्या त्या मधल्या फेऱ्या: बाराव्याला एका दिवसाची जा-ये, आजारी माणसाला बघून येणं, सातबाऱ्यावरच्या सह्या. रस्त्याने हेच वाढेल.

शिमग्याला एवढी चर्चा नसते, मग त्याला का जायचं?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला हे विचारू नका, वाईट वाटेल. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येते आणि मग घरोघरी फिरते. कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी, कोणत्या घरानंतर कोणतं घर, हा क्रम पिढ्यांचा आहे. देव दारात येणार त्या दिवशी दाराला कुलूप असणं म्हणजे घर बंद झाल्याचं गावाला सांगणं. म्हणून वर्षभर बंद असलेलं घरसुद्धा आदल्या दिवशी उघडतं, झाडलं-सारवलं जातं, ओटी भरली जाते, पालखी अंगणात नाचवली जाते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने माणसं परत मुंबईला.

शिवाय मान असतात. पालखीला खांदा कोणाचा, होळीचा पहिला मान कोणत्या खोताच्या नाहीतर गावकाराच्या घराचा. मान असलेला माणूस आला नाही तर त्याच्या जागी चुलता उभा राहतो, आणि दोन-तीन वर्षं तोच उभा राहिला की मान कोणाचा यावर सभा बसते. माणसं विमानाने गोव्याला उतरून शिमग्याला पोचलेली आहेत ती काही हौसेने नव्हे. खेळे, नमन, जाखडी या कोकणातल्या लोककलांचंही तसंच: ढोलकीवाला एकटा नाही आला तर अख्ख्या मेळ्याचा खेळ मोडतो. त्यामुळे मेळा ठरवतो, ढोलकीवाला फक्त रजा टाकतो.

बायकांचा प्रवास कोण ठरवतं?

गोड बोलायचं तर ‘घरातले सगळे मिळून’. खरं सांगायचं तर सासर. नवऱ्याचं मूळ घर ते तिचं गणपतीचं गाव. ती रात्रभर बसून येते, पहाटे उतरते, आंघोळ करून थेट चुलीपुढे. पंचवीस-तीस पानांचा स्वयंपाक, त्यात सोवळं. तिचं माहेर पाच गावं सोडून पलीकडे असतं, तिथे ती गौरी-विसर्जनानंतर एखादी दुपार जाऊन येते. सणाच्या प्रवासाला सगळे ‘सुट्टी’ म्हणतात तेव्हा ही सुट्टी कोणाची, हे विचारायला हवं.

नव्या सुनेच्या पहिल्या ओवशाचं निराळं. त्या वर्षी तिला रजा नाही असं म्हणायची सोय नाही. सुपं भरून गौरीपुढे ओवसायची आणि मग नात्यातल्या वडील बायकांना ती सुपं द्यायची. त्यातून तिची अख्ख्या वाडीशी ओळख होते. अनेक जणींनी मला सांगितलंय की सासरचं गाव त्यांना त्या दिवशी कळलं.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. सणाच्या गर्दीपेक्षा याचा फरक मला एरवीच्या दिवसांत दिसतो. गावाकडची आई कोणाला न विचारता लेकीकडे जाऊन चार दिवस राहून येते. पैसे कोणाकडे मागावे लागत नाहीत, एवढ्यावर किती भेटी अडलेल्या होत्या ते आता कळतंय.

व्हिडिओ कॉलमुळे लोकांचं जाणं कमी झालं का?

नाही. उलट फोनवर रोज बोलणारी भावंडंच जास्त येतात. ज्यांचं बोलणं सुटलं त्यांचं येणंही सुटलं. आता पालखीचं थेट चित्रण दुबईत बसून बघता येतं हे खरं, पण बघणारा खाली लिहितो, ‘पुढच्या वर्षी नक्की’. त्यातले काही खरंच येतात.

संबंध बिघडले तर?

तर प्रवासही बिघडतो, आणि हे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. जमिनीवरून भाऊ भांडले की आधी चूल वेगळी होते, मग गणपती. कधी दुसरा गणपती मुंबईच्याच खोलीत बसतो आणि त्या घराची गाडीतली नावं कायमची कमी होतात. आई असेपर्यंत ओढून-ताणून चालतं. आई गेल्यावर पुढच्या चतुर्थीला कोण आलं यावरून त्या घराचं पुढचं कळतं.

याहून वाईट म्हणजे वाळीत टाकणं. रायगड-रत्नागिरीत असे प्रकार घडलेत: गावकीने घर तोडलं, त्यांच्याकडे आरती नाही, पालखी नाही, मयतीला खांदा नाही. अशा घरची मुंबईतली माणसं गावी कशाला येतील? महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि असं करणं गुन्हा ठरलं. जी गावकी माणसाला चारशे किलोमीटरवरून ओढून आणते, तीच त्याला वेशीवर अडवूही शकते. गावाचं कौतुक करताना हे झाकून ठेवू नये.

हे कोकणातच आहे का?

छे. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक बघा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात ही माणसं तमिळनाडू-केरळपासून पंजाब-बंगालपर्यंत पसरली आहेत. दुष्काळी भागातला एक जण बाहेर गेला, त्याने भाच्याला हाताखाली नेलं, भाच्याने पुढे दुसऱ्या शहरात दुकान टाकलं आणि आपल्या मेहुण्याला बोलावलं. घरं परप्रांतात झाली तरी लग्नं आणि जत्रा गावाकडे. हजार-दीड हजार किलोमीटरचा प्रवास, तारीख ठरवणार गावची यात्रा कमिटी.

रायगडातले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. आडनावं मात्र पेणकर, रोहेकर अशी इथल्याच गावांची. त्यांची मुलं-नातवंडं अजून अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या जागी नवस फेडायला येतात आणि आजोबांचं घर कुठे होतं ते आळीत विचारत फिरतात.

अमेरिकेतल्या मराठी घरांत प्रवासाचं कॅलेंडर बाळंतपणावर चालतं. पर्यटक व्हिसावर सहसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणून आधी मुलीची आई आणि ती परतली की सासूबाई.

मित्रांचा गोव्याचा प्लॅन का होत नाही?

कारण त्याला तिथी नाही आणि न गेल्याबद्दल विचारणारी म्हातारी नाही.

पुढची पिढी जाईल का?

आमच्या यादीत दहावी-बारावीची मुलं क्लासमुळे गळतात आणि नोकरीला लागल्यावर काही परत येतात. ज्यांची गावात स्वतःची ओळख आहे ती येतात, म्हणजे नदीवर सोबत पोहलेला कोणी, भजनात चकवा वाजवायला शिकवणारा काका. ज्यांना गावात फक्त ‘अमक्याचा मुलगा’ म्हणून ओळखतात ती वडिलांनंतर थांबतात. म्हणून मे महिन्यात मुलांना महिनाभर ठेवा असं मी पालकांना सांगतो. गणपतीच्या पाच दिवसांत मोठ्यांच्या गडबडीत त्यांची कोणाशीच ओळख होत नाही.

मंडळाच्या गाडीत गावाबाहेरचा माणूस चालतो का?

चालतो, जागा असेल तर. यादीत त्याचं नाव ज्याच्या ओळखीने आला त्याच्या नावाखाली लिहितो. उतरायचं ठिकाण पक्कं सांगावं. पैसे आधी. परतीची सीट हवी असेल तर तेही आत्ताच सांगा, विसर्जनाच्या रात्री फोन करू नका.